‘ज्ञात’ फाइल : हॅशवरून ओळख पटविण्याच्या पद्धतीची चिकित्सा

जप्त केलेल्या संगणकाची तपासणी करावयाची झाल्यास तपासनिसापुढील पहिली अडचण पुराव्याच्या अभावाची नसते. ती असते विपुलतेची. साध्या घरगुती संगणकावरही लक्षावधी फाइली असतात. त्यांपैकी बहुसंख्य फाइली मालकाने लिहिलेल्या नसतात, उघडून पाहिलेल्या नसतात, आणि कित्येकींचे अस्तित्वही त्याला ठाऊक नसते. संगणकाच्या कार्यप्रणालीबरोबर आलेली चित्रे, टंकांचे संच, मदतीची पाने, छपाईयंत्रे चालविणारे छोटे प्रोग्राम, निरनिराळ्या भाषांतील सूचनांच्या फाइली असा हा पसारा असतो. यातून मालकाच्या हातच्या फाइली वेगळ्या काढण्यासाठी जी पद्धती रूढ झाली तिचे सूत्र सोपे आहे. प्रत्येक फाइलीवर एक ठरावीक गणिती क्रिया करून तिचा ‘हॅश’ काढावयाचा, तो प्रसिद्ध सॉफ्टवेअर पॅकेजांतील फाइलींच्या हॅशांच्या सूचीशी ताडून पाहावयाचा, आणि जी फाइल सूचीत सापडेल ती ‘ज्ञात’ म्हणून बाजूस सारावयाची.

या प्रकारच्या सूचींमध्ये सर्वाधिक प्रतिष्ठा आहे ती अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी, म्हणजेच ‘निस्ट’, या संस्थेच्या नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररीची. मेरीलँड राज्यातील गेथर्सबर्ग येथे या ग्रंथालयाचे काम चालते. ग्रंथालय हा शब्द येथे अलंकारिक नाही. मूळ सॉफ्टवेअर पॅकेजे तेथे खरोखरीच जतन केली जातात, जेणेकरून न्यायालयात एखाद्या हॅशविषयी शंका निघाली तर तो ज्या पॅकेजातून आला त्यापर्यंत मागे जाता यावे. तेथील हॅशसूची दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध होते. तिचा प्रसार इतका झाला, की दस्तऐवजांच्या छाननीच्या व्यवसायात ‘डी-निस्ट करणे’ असे क्रियापदच इंग्रजीत रूढ झाले. अर्थ एवढाच, की ज्ञात फाइली गाळून टाकणे. संस्थेच्या नावाचे क्रियापद व्हावे, आणि त्या क्रियापदाचा अर्थ त्या संस्थेने सूचीत घेतलेल्या वस्तू टाकून देणे असा व्हावा, ही अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी अशी गोष्ट आहे.

या पद्धतीच्या गणिती बाजूची चर्चा पुष्कळ झाली आहे. तिच्या भाषिक बाजूची मात्र जवळजवळ झालेलीच नाही. वस्तुतः या व्यवहारातील बहुतेक घोटाळे गणितात नाहीत, ते ‘ज्ञात’ या एका शब्दात आहेत. ‘ज्ञात’ हे कर्मणि धातुसाधित होय. अशा रूपाबरोबर कर्त्याची अपेक्षा असते. पाणिनीने ज्ञानार्थक धातूंच्या या रूपांबरोबर कर्त्याला षष्ठी सांगितली आहे. मराठीत तीच अपेक्षा ‘कोणाला ज्ञात?’ या प्रश्नाने प्रकट होते. सूचीच्या वापरात हा कर्ता लुप्त झालेला असतो. ‘ही फाइल ज्ञात आहे’ या विधानाचे पूर्ण रूप ‘या बाइटमालिकेची प्रत अमुक सूचीकाराला अमुक काळी अमुक पॅकेजात आढळली होती’ असे आहे. कर्ता, काळ आणि स्थळ ही तिन्ही पदे गळाली की उरतो तो नुसता गुणवाचक शब्द, आणि गुणवाचक शब्दाला गुणाचा वास लागावयास वेळ लागत नाही. ‘ज्ञात’चे ‘ज्ञात आणि चांगली’ कधी झाले हे वापरणाऱ्याला कळतही नाही.

हॅश म्हणजे नेमके काय हे प्रथम पाहणे अवश्य आहे. कोणत्याही लांबीच्या बाइटमालिकेवरून ठरावीक लांबीची एक संख्या काढून देणारी ही क्रिया आहे. १९९१ मध्ये रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी रचलेल्या एमडी-५ या पद्धतीत ती संख्या १२८ बिटांची असते. १९९५ च्या एसएचए-१ मध्ये १६० बिटांची, आणि पुढे प्रमाणित झालेल्या एसएचए-२५६ मध्ये नावाप्रमाणेच २५६ बिटांची. शेवटच्या पद्धतीत संभाव्य मूल्यांची संख्या दशमान पद्धतीत लिहू गेल्यास ७८ अंकी होते. यावरून दोन भिन्न फाइलींचे हॅश योगायोगाने जुळण्याची भीती किती नगण्य आहे हे समजावे. त्याच फाइलीवरून तोच हॅश निघतो, आणि फाइलीत एक बिट जरी पालटला तरी हॅशातील सुमारे निम्मे बिट पालटतात.

मजकुराच्या अखंडतेची खूण मजकुराबाहेर ठेवण्याची ही कल्पना आपल्याकडे अपरिचित नाही. पोथीच्या अखेरीस लेखनिक ‘ग्रंथाग्र’ नोंदवीत, म्हणजे ३२ अक्षरांचा एक श्लोक या मापाने संपूर्ण पोथीची लांबी सांगत. लेखनिकाचा मोबदला ठरविण्यास ती नोंद जशी उपयोगी, तशीच मधली पाने गहाळ झाली आहेत काय हे पाहण्यासही. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत ऋग्वेदातील प्रत्येक सूक्ताचे आरंभीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद दिलेले आहेत. तीही एका अर्थाने ‘ज्ञात’ सूक्तांची सूचीच. तथापि या साम्यापेक्षा भेद अधिक बोधप्रद आहे. ग्रंथाग्र दहाने कमी भरले तर पोथीत सुमारे दहा श्लोक गळाले असावेत असे अनुमान करता येते. हॅश जुळला नाही तर काहीच अनुमान करता येत नाही. एक बिट पालटला आहे, की फाइल मुळात निराळीच आहे, याविषयी न जुळलेला हॅश संपूर्ण मौन बाळगतो. तो समानतेची ग्वाही देतो, साम्याची नाही. ‘समान’ आणि ‘सदृश’ यांतील अंतर ज्यांना साहित्यशास्त्रामुळे परिचित आहे त्यांना येथे अधिक सांगावयास नको.

नेल्सन गुडमन यांनी १९६८ मधील ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या ग्रंथात साहित्यकृतीच्या तादात्म्याचा निकष म्हणून वर्णमालिकेची तंतोतंत समानता पुढे केली होती. अक्षरे, मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे जुळली की कृती तीच. साहित्याच्या अभ्यासकांना हा निकष नेहमीच थोडा कोरडा वाटत आला. हॅशसूची हा त्या निकषाचा व्यवहारातील सर्वांत मोठा प्रयोग म्हणता येईल, आणि निकषाची मर्यादाही या प्रयोगात उघडी पडते.

ती मर्यादा दोन्ही बाजूंनी दिसते. एकाच हॅशाला अनेक पॅकेजे असतात, आणि एकाच प्रोग्रामाला अनेक हॅश.

पहिल्या प्रकाराचे टोकाचे उदाहरण म्हणजे रिकामी फाइल. शून्य बाइटांच्या फाइलीचाही हॅश निघतो, आणि तो अर्थातच सर्वत्र एकच असतो. पायथन भाषेतील पॅकेजांत पुस्तिकेची खूण म्हणून ठेवलेल्या रिकाम्या फाइली अगणित आहेत. त्या सगळ्यांचा हॅश एक. सूचीच्या दृष्टीने ही फाइल सर्वाधिक ‘ज्ञात’ ठरावी, आणि ती सापडल्याने कोणते पॅकेज सापडले याविषयी काहीच ज्ञान होऊ नये. त्याच्या खालोखाल परवान्यांचा मजकूर. ग्नू सार्वजनिक परवान्याची संहिता हजारो पॅकेजांत जशीच्या तशी आढळते. तेव्हा हॅशवरून पॅकेजाकडे जाणारी वाट एकेरी नसून अनेक फाटे फुटलेली असते. कोणते पॅकेज संगणकावर बसविलेले होते हे ठरवावयाचे तर एका फाइलीचा हॅश पुरत नाही, फाइलींचा समूह पाहावा लागतो. अनेकार्थी शब्दाचा अर्थ जसा संदर्भावरून ठरतो तसाच हा प्रकार. पुष्कळ साधने मात्र सूचीतील पहिलीच नोंद दाखवून मोकळी होतात, आणि अहवालात ज्या पॅकेजाचे नाव येते ते त्या संगणकावर कधी नव्हतेही असे घडते.

दुसरा प्रकार अधिक गुंतागुंतीचा आहे. एकाच मूळ संहितेवरून दोन ठिकाणी प्रोग्राम तयार केला, तर मनुष्याच्या दृष्टीने ती एकच वस्तू असते. बाइटांच्या दृष्टीने बहुधा नसते. तयार करण्याची वेळ, ज्या फोल्डरात काम झाले त्याचा मार्ग, फाइली कोणत्या क्रमाने वाचल्या गेल्या तो क्रम, असे आनुषंगिक तपशील निर्मितीत मुरलेले असतात. जीझिप पद्धतीने संकोचित केलेल्या गठ्ठ्याच्या आरंभीच वेळ नोंदविण्यासाठी चार बाइटांची जागा राखलेली आहे. आतील मजकूर अक्षरशः तोच असला तरी दुसऱ्या दिवशी बांधलेल्या गठ्ठ्याचा हॅश त्यामुळे निराळा येऊ शकतो. डेबियन प्रकल्पात २०१३ पासून पुनरुत्पादनक्षम निर्मितीचे जे प्रयत्न सुरू झाले ते याच कारणाने. कोणीही, कोठेही, त्याच संहितेवरून प्रोग्राम तयार केला असता बाइटागणिक तोच निघावा हे त्यांचे उद्दिष्ट होते, आणि त्यासाठी पॅकेजामागून पॅकेज घेऊन वेळेच्या व क्रमाच्या या खुणा शोधून काढाव्या लागल्या. हे काम पाठसंपादकाच्या कामासारखेच कष्टाचे आहे, फक्त दिशा उलटी. पाठसंपादक झालेल्या विकृतींमागे जाऊन मूळ शोधतो, तर येथे विकृती होऊच नये म्हणून लेखनिकाचा हात बांधला जातो.

३० जानेवारी २०२३ या दिवशी हा प्रश्न अवचित सर्वांपुढे आला. गिटहब या संकेतस्थळावरून सॉफ्टवेअरच्या मूळ संहितेचे गठ्ठे मागणीनुसार बांधून मिळतात. त्या दिवशी तेथील गिट प्रोग्रामाची नवी आवृत्ती वापरात आली, आणि तिच्यात संकोचनासाठी बाहेरील जीझिप प्रोग्रामाऐवजी अंतर्गत व्यवस्था योजिली होती. गठ्ठ्यांतील फाइलींचा एक स्वल्पविरामही बदलला नव्हता; गठ्ठा दाबण्याची रीत तेवढी पालटली होती. परंतु जगभरातील अनेक निर्मितिव्यवस्थांनी त्या गठ्ठ्यांचे हॅश आपल्याकडे नोंदवून ठेवले होते. ते जुळेनासे झाले, त्या व्यवस्था थांबल्या, आणि अखेर बदल मागे घ्यावा लागला. यावर पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला, की हॅश फार ठिसूळ आहेत. हा निष्कर्ष चुकीचा आहे. हॅशांनी आपले काम चोख बजावले होते. त्यांना जे विचारले होते त्याचे उत्तर त्यांनी दिले. विचारणाऱ्यांना विचारावयाचे होते ‘ही संहिता तीच आहे काय?’ आणि त्यांनी विचारले होते ‘हा गठ्ठा तोच आहे काय?’ महाभाष्यात शब्दाचा अर्थ आकृती की द्रव्य यावर वाजप्यायन आणि व्याडि यांची मते दिलेली आहेत. हॅश हा पूर्णपणे व्याडीच्या पक्षाचा आहे. त्याला व्यक्ती दिसते, जाती दिसत नाही.

मराठीच्या अभ्यासकाला याहून जवळचे उदाहरण देता येईल. सॉफ्टवेअर पॅकेजांत मराठी शब्दसूचींच्या आणि मराठी भाषांतरांच्या फाइली असतात. ‘दऱ्या’ हा शब्द घ्यावा. युनिकोडमध्ये त्यातील अर्धा र तीन प्रकारे लिहिता येतो. ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून. साध्या र ला नुक्ता देऊन मग हलन्त जोडून. किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह योजून. यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत पहिल्या प्रकारे हा शब्द १५ बाइटांचा होतो, उरलेल्या दोन प्रकारे १८ बाइटांचा. कागदावर किंवा पडद्यावर तिन्ही रूपे चांगल्या टंकात एकसारखीच दिसतात. वाचणाऱ्याला भेद कळण्याचा संभव नाही. यांपैकी पहिली दोन रूपे युनिकोडच्या नियमांनुसार समतुल्य मानलेली आहेत. तिसरे मानलेले नाही. हॅशाला मात्र या तारतम्याशी कर्तव्य नाही. त्याच्या लेखी या तीन फाइली एकमेकींपासून तितक्याच दूर आहेत जितकी एखादी फाइल एखाद्या छायाचित्रापासून. तेव्हा मराठी शब्दसूचीच्या एखाद्या प्रतीत कोणी निव्वळ लेखनपद्धती एकसारखी करून घेतली, तर ती प्रत ‘अज्ञात’ ठरते. इंग्रजी मजकुरात ओळींच्या शेवटच्या चिन्हांमुळे असाच घोटाळा होतो, परंतु तो एका चिन्हापुरता. देवनागरीत तो अक्षराअक्षरात शिरू शकतो, आणि सूची तयार करणाऱ्यांनी याची फारशी दखल घेतलेली नाही.

आता हेतुपुरस्सर केलेल्या फसवणुकीकडे वळता येईल. दोन भिन्न फाइलींचा हॅश एकच येणे याला संघात म्हणता येईल. ऑगस्ट २००४ मध्ये वांग शिआओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी-५ मध्ये असे संघात प्रत्यक्ष घडवून दाखविले. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या फ्लेम या घातक प्रोग्रामाने याच दौर्बल्याचा आधार घेऊन मायक्रोसॉफ्टची वाटावी अशी बनावट स्वाक्षरी मिळविली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय ही संशोधनसंस्था आणि गूगल यांनी एसएचए-१ चा एकच हॅश असलेली दोन निराळी पीडीएफ प्रसिद्ध केली. त्या दोन फाइली चाचणीसाठी म्हणून वेबकिट प्रकल्पाच्या भांडारात ठेवल्या जाताच ते भांडारच बिघडले, कारण त्या भांडाराची व्यवस्था हॅश एक म्हणजे फाइल एक या गृहीतावर उभी होती. उपरोधाची गोष्ट अशी, की चाचणी त्याच गृहीताविरुद्ध बचाव करण्यासाठी लिहिली होती.

तथापि या घटनांवरून जुन्या सूची एकदम निरुपयोगी झाल्या असे समजणे उतावीळपणाचे आहे. संघात घडविणाऱ्याच्या हाती दोन्ही फाइली असाव्या लागतात. दोन्ही त्यानेच घडवाव्या लागतात. दुसऱ्या कोणी पूर्वी तयार केलेली फाइल घेऊन तिच्या हॅशाशी जुळणारी नवी फाइल बनविणे ही निराळीच गोष्ट आहे, आणि ती एमडी-५ बाबतही आज व्यवहारतः शक्य झालेली नाही. म्हणून २००३ मध्ये सूचीत आलेल्या फाइलीचे सोंग घेणे दुष्कर आहे. परंतु आज कोणी स्वतःच्या पॅकेजात एक निरुपद्रवी फाइल घालून ती सूचीत जाऊ दिली, आणि तिची जुळी, उपद्रवी फाइल हातची राखून ठेवली, तर केवळ एमडी-५ पाहणाऱ्याच्या दृष्टीने तीही ‘ज्ञात’च ठरेल. दोष गणिताचा आहे हे खरे. पण त्याचा प्रवेश सूचीच्या दारातून होतो. सूचीत कोण आले, केव्हा आले आणि कोणी आणले, या नोंदी म्हणूनच हॅशाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

निस्टच्या सूचीवर ‘ज्ञात म्हणजे चांगली’ असे सांगितल्याचा आरोप मात्र करता येणार नाही. सूचीत गुप्त संदेश लपविण्याची आणि घुसखोरीची साधनेही समाविष्ट आहेत हे त्या संस्थेने स्वतःच स्पष्ट केलेले आहे. तिच्या जुन्या साध्या मजकुराच्या स्वरूपात तर घातक फाइलींसाठी वेगळ्या खुणेचा रकानाही होता. दोष वाचणाऱ्यांचा आहे. हॅश आणि नाव हे दोनच रकाने उचलून उरलेले सोडून देण्याची सवय इतकी मुरली आहे, की खुणेचा रकाना असूनही नसल्यासारखा होतो. कोशातून शब्द आणि अर्थ तेवढे उतरून घ्यावेत, ‘अशिष्ट’, ‘लुप्त’, ‘प्रांतिक’ ही टिपणे वगळावीत, आणि मग कोशकाराच्या नावाने तो शब्द वाटेल तेथे वापरावा, यासारखाच हा अविचार.

चांगुलपणाचा प्रश्न हॅशच्या कक्षेबाहेरचा कसा आहे हे एक्सझेड युटिल्स या संकोचनाच्या पॅकेजाच्या प्रकरणात लख्ख दिसले. जिया तान हे नाव धारण केलेल्या व्यक्तीने सुमारे दोन वर्षे चिकाटीने उपयुक्त काम करून या प्रकल्पात विश्वासाचे स्थान मिळविले, आणि २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दुरून संगणकात शिरण्याची चोरवाट घातली. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी ती उघडकीस आणली. दुसऱ्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब होत आहे, एवढ्या खुणेवरून त्यांनी माग काढला होता. या प्रकरणात हॅशांना कोणतीही बाधा आली नव्हती. प्रसिद्ध केलेला गठ्ठा हा प्रसिद्ध केलेलाच गठ्ठा होता. त्याची स्वाक्षरी अधिकृत व्यवस्थापकाची होती. जो कोणी तो उतरवून घेऊन ताडून पाहील त्याला तो ‘ज्ञात’ आणि अस्सल आढळला असता. आणि तो खरोखर अस्सलच होता. अस्सल आणि निर्दोष हे दोन शब्द सामान्य बोलीत इतके शेजारी नांदतात, की त्यांतील भिंत प्रसंगाविना दिसत नाही.

या प्रकरणाचा आणखी एक विशेष आहे. चोरवाट जोडून घेणारा निर्मितीचा आदेश गठ्ठ्यात होता, परंतु सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेल्या संहितेच्या भांडारात नव्हता. म्हणजे भांडार आणि गठ्ठा ही एकाच ग्रंथाची दोन साक्ष्ये होती आणि त्यांत पाठभेद होता. हस्तलिखितांच्या परंपरेत वाढलेल्या संपादकाने दोन प्रती हाती असताना त्या ताडून पाहिल्याच असत्या. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या आवृत्तीत, आदिपर्वापासून, उत्तर आणि दक्षिण परंपरांच्या पोथ्या ओळीओळीने ताडून पाहिल्या त्या पोथीच्या प्रतिष्ठेवर विश्वास ठेवावयाचा नाही म्हणूनच. सॉफ्टवेअरच्या व्यवहारात गठ्ठा आणि भांडार यांची अशी ताडणी त्या वेळी रूढ नव्हती. गठ्ठ्याचा हॅश गठ्ठ्याच्याच हॅशाशी जुळविला जात होता. पोथीची शुद्धता तिच्याच नकलेवरून सिद्ध करण्याचा हा प्रकार.

चोरवाट उघडकीस आल्यावर त्याच हॅशांची भूमिका पालटली. पूर्वी ज्या मूल्यावरून गठ्ठा विश्वसनीय ठरत होता त्याच मूल्यावरून आता बाधित संगणक शोधले जाऊ लागले. मूल्यात एका अंकाचाही बदल झालेला नव्हता. बदलले होते ते त्याच्याविषयीचे विधेय. २८ मार्चला ‘ज्ञात’ असलेली फाइल ३० मार्चलाही ‘ज्ञात’च होती, फक्त अर्थ उलटा. ज्या सूचीत नोंदीचा दिनांक आणि नोंद करणाऱ्याचे मत यांना जागा नाही, तिला हा बदल व्यक्त करण्याचे साधनच उरत नाही.

न्यायालयीन व्यवहारात हाच संभ्रम निराळ्या वेषात येतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राचा नमुना जोडलेला आहे. त्यात अभिलेखाचे हॅशमूल्य आणि ते काढण्याची पद्धती नमूद करावी लागते. एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी-५ ही तिन्ही नावे नमुन्यात छापलेली आहेत. वस्तुतः पहिल्या आणि तिसऱ्या पद्धतीत संघात घडविता येतात हे सिद्ध झाले आहे, आणि एसएचए-१ चा वापर ३१ डिसेंबर २०३० पर्यंत पूर्णतः थांबवावा असे निस्टने डिसेंबर २०२२ मध्येच जाहीर केले होते. तिन्ही नावे एका पंगतीत बसविल्याने ती तुल्यबल आहेत असा समज होतो. पण याहून महत्त्वाचा भेद दुसराच आहे. प्रमाणपत्रातील हॅश ओळख पटवीत नाही. तो वस्तू स्थिर करतो. मूल्य काढले त्या क्षणापासून अभिलेखात बदल झालेला नाही, एवढेच तो सांगतो. त्या क्षणापूर्वी काय घडले याविषयी त्याला काही ठाऊक नसते. सूचीतील हॅश याउलट भूतकाळाकडे बोट दाखवितो. एकच शब्द, एकच गणिती क्रिया, आणि दोन निरनिराळी विधाने. उलटतपासणीत ‘हॅश जुळतो’ एवढे उत्तर आले तर यांपैकी कोणते विधान केले गेले आहे हे विचारण्याचा अधिकार आरोपीला आहे, आणि त्याच्या वकिलाने तो वापरला पाहिजे.

समानतेच्या या कठोरपणावर उपाय म्हणून सादृश्य मोजणाऱ्या पद्धती पुढे आल्या. २००६ मध्ये जेसी कॉर्नब्लम यांनी एसएसडीप ही पद्धती मांडली. तिच्यात फाइलीचे तिच्याच मजकुराच्या आधाराने तुकडे पाडून प्रत्येकाची वेगळी खूण घेतली जाते, त्यामुळे एखादा तुकडा बदलला तरी उरलेल्या खुणा जुळतात आणि दोन फाइलींतील जवळीक अंकाने सांगता येते. २०१४ मध्ये निस्टनेही या वर्गातील पद्धतींची व्याख्या करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. पोथ्यांची वंशावळ लावणाऱ्याला हे साधन अधिक ओळखीचे वाटेल, कारण येथे निदान ‘कमीअधिक’ या शब्दाला स्थान आहे. परंतु कोणता तुकडा मूळ आणि कोणता प्रक्षिप्त हे ही पद्धतीही सांगत नाही. शिवाय फारच लहान फाइलींवर एसएसडीपचा निर्णय भरवशाचा नसतो, आणि पॅकेजांतील भाषांतरांच्या फाइली पुष्कळदा लहानच असतात.

वर उल्लेखिलेल्या ‘दऱ्या’सारख्या रूपांच्या बाबतीत तर तीही अपुरी पडते, कारण अशी रूपे मजकुरात जागोजागी येत असल्याने लेखनपद्धती बदलताच जवळजवळ प्रत्येक तुकड्याची खूण पालटते. तेथे हॅश काढण्यापूर्वीच मजकूर युनिकोडच्या एका प्रमाण रूपात आणणे हा मार्ग उरतो. त्याने ऱ आणि नुक्ता दिलेला र एक होतात. अदृश्य जोडचिन्हाचे रूप मात्र तरीही वेगळेच राहते, म्हणून त्याच्यासाठी मराठीपुरता स्वतंत्र नियम करावा लागेल. असा हॅश फाइलीचा नसून तिच्या पाठाचा असेल. मूळ फाइलीचा हॅश पुसून त्याच्या जागी हा ठेवणे योग्य होणार नाही. सूचीत दोन्ही शेजारी शेजारी असावेत आणि दुसऱ्यापुढे तो कोणत्या नियमाने काढला याची नोंद असावी. गिटमध्ये हॅश काढण्यापूर्वी मजकुरापुढे त्याचा प्रकार आणि लांबी जोडली जाते. त्यामुळे त्याच फाइलीचा नुसता एसएचए-१ आणि गिटचा एसएचए-१ ही दोन मूल्ये प्रथमपासूनच भिन्न आहेत, आणि ती भिन्नता जाहीर नियमाने झालेली असल्याने कोणाचाही गोंधळ होत नाही.